प्रवेशाचे माप

अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयात एखाद्या मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळण्याचा संभव किती, हा प्रश्न आज अनेक मराठी घरांतून विचारला जातो आणि उत्तरादाखल बहुधा एक आकडा पुढे केला जातो. हार्वर्ड महाविद्यालयाकडे २०२२ साली ६१,२२० अर्ज आले व त्यांतून १,९५४ विद्यार्थी निवडले गेले; म्हणजे शंभरात जेमतेम तीन. परंतु हा आकडा महाविद्यालयाचा आहे, विद्यार्थ्याचा नव्हे. ते तीन कोणत्या मापाने निवडले जातात आणि ते माप कोणी, कशासाठी घडविले, हे समजल्याखेरीज संभवाची भाषा पोकळ ठरते. याचे उत्तर इतिहासात आहे.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. आरंभी तेथील प्रवेशाची अट साधी होती. सिसेरोसारख्या ग्रंथकाराचे लॅटिन वाचता यावे, लॅटिनमध्ये गद्यपद्य रचता यावे आणि ग्रीक नामे व धातू चालविता यावेत, एवढे झाले की दार उघडे. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक महाविद्यालय स्वतःची परीक्षा घेई. एकाच शाळेतील चार मुले चार महाविद्यालयांत जाणार असली, तर मुख्याध्यापकाला चार तऱ्हांची तयारी करून घ्यावी लागे. हा गोंधळ आवरण्यासाठी १९०० साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात एका सामाईक परीक्षा मंडळाची स्थापना झाली. जून १९०१ मध्ये मंडळाच्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले. एखाद्या विषयात मुलगा नापास झाला, तरी तो विषय मागाहून पुरा करण्याच्या अटीवर त्याला आत घेत. जागांसाठी चुरस नव्हतीच. खरी अडचण होती ती लॅटिन शिकविणारी शाळा आणि फी भरणारा बाप लाभण्याची.

त्याच काळात अमेरिकेतील दुसऱ्या एका दारावर एका मराठी स्त्रीने हाक दिली होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागितला. त्यांचे शिक्षण बहुतांशी घरी, पती गोपाळरावांच्या हाताखाली झालेले. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी पत्रातून मोकळेपणाने कळविले आणि आपला निश्चय हीच आपली पात्रता मानावी, अशी विनंती केली. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी ती मानली. १८८६ साली आनंदीबाई पदवीधर झाल्या. कागदावरील पात्रतेपलीकडे पाहणारी दृष्टी दार कसे उघडते, याचे हे उजळ उदाहरण होय.

मात्र तीच दृष्टी दार लावूनही घेऊ शकते. सामाईक परीक्षा सुरू झाल्यावर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले गुणांच्या बळावर पुढे येऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली त्यांचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते. १९२२ पर्यंत ते शेकडा २१ वर गेले. अध्यक्ष लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. प्राध्यापकांच्या समितीने ती १९२३ साली फेटाळली. पण जे उघडपणे साधले नाही, ते आडवाटेने साधले गेले. १९२२ पासूनच अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव व वडिलांचे जन्मस्थान विचारले जाऊ लागले. जन्मानंतर घराण्याचे नाव बदलले आहे काय, हाही प्रश्न होता. १९२६ साली नव्या विद्यार्थ्यांची संख्या १,००० वर रोखण्यात आली, ‘चारित्र्य’ व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देण्यात आले आणि अर्जासोबत छायाचित्र सक्तीचे झाले. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर उच्च शिक्षणासाठी दाखल झाले होते, त्याच्या पदवीपूर्व महाविद्यालयानेही पहिल्या महायुद्धानंतर हाच मार्ग धरला. शिफारसपत्र, मुलाखत, खेळ, छंद, नेतृत्व हे आज सर्वमान्य वाटणारे निकष बऱ्याच अंशी या काळात रुजले, हे विसरता येत नाही.

त्याच वर्षी, २३ जून १९२६ रोजी, आज ‘सॅट’ या नावाने प्रसिद्ध असलेली चाचणी प्रथम घेण्यात आली; ८,०४० उमेदवार तिला बसले. तिचे जनक प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम. महायुद्धात सैनिकांच्या ज्या बुद्धिमापन चाचण्या झाल्या, त्यांतून ही चाचणी निघाली. त्या सैनिकी आकड्यांवरून वंशावंशांच्या बुद्धीची उतरंड ब्रिगम यांनी १९२३ साली लावली आणि १९३० साली स्वतःच ती निराधार ठरविली. पुढे १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले कोनंट यांनी दूरच्या राज्यांतील गुणी पण निर्धन मुले हुडकण्यासाठी हीच चाचणी वापरली. साधन एकच, ते धरणाऱ्या हाताप्रमाणे त्याचा उपयोग पालटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले. १९७५ पासून एकच अर्ज अनेक महाविद्यालयांना चालेल अशी सोय झाली. अर्ज वाढत गेले, जागा मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. २०१८ साली बोस्टन येथे हार्वर्डविरुद्ध खटला चालला, तेव्हा बंद कपाटातील हिशेब बाहेर आला. एका वर्षी सुमारे ३७,००० अर्ज होते आणि वर्ग सुमारे १,६०० जणांचा. त्या वर्षी देशातल्याच ८,००० हून अधिक अर्जदारांची शालेय गुणसरासरी पूर्ण होती. सुमारे ३,४०० जणांना गणिताच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण होते. त्याच सुमाराच्या सहा वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी शेकडा ३३ च्या घरात निवडली गेली, इतरांपैकी शेकडा ६. याच खटल्यात २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार अवैध ठरविला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीस त्या निर्णयाने हात लागला नाही.

यावरून संभवाचा अंदाज कसा करावा, याचा बोध होतो. शंभरात तीन ही सरासरी अनेक भिन्न रांगांची बेरीज आहे. उत्तम खेळाडू, माजी विद्यार्थ्याचा मुलगा आणि परदेशातून केवळ गुणांवर येणारा विद्यार्थी एकाच रांगेत उभे नसतात. गुण हे उंबऱ्यापर्यंत नेतात. उंबरा ओलांडविणे त्यांच्या एकट्याच्या हाती नसते. तसेच दहा ठिकाणी अर्ज केल्याने संभव दहापट होत नाही. कारण सर्व ठिकाणी जवळजवळ एकच माप लावले जाते आणि एका ठिकाणी जे उणे पडते, ते बहुधा दुसरीकडेही उणेच पडते. म्हणून विवेकी पालक व शिक्षक अशा महाविद्यालयाचे नाव यादीत जरूर घालतात. पण जेथे प्रवेश पुष्कळसा निश्चित आणि शिक्षण चांगले, अशी दोनतीन नावेही तितक्याच आदराने घालतात.

सर्वांत मोठा धडा मात्र नकारपत्राविषयीचा आहे. १९२६ नंतर ज्यांना नाकारले गेले, ते बुद्धीने उणे होते असे आज कोणी म्हणणार नाही. उणे होते ते माप. आजचे माप अधिक न्यायी असेल, तरी तेही माणसांनीच घडविलेले आहे आणि शंभर वर्षांत अनेकदा बदललेले आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती नकार येतो, तेव्हा त्या कागदावर संस्थेची त्या वर्षाची गरज लिहिलेली असते. त्या मुलाची योग्यता तेथे लिहिलेली नसते, हे त्याला सांगणे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे.