गद्गद, बोबडा, तोतरा : पाठाकडून वक्तृत्वाकडे

याज्ञवल्क्यशिक्षेत वर्णोच्चारास अपात्र ठरणाऱ्यांची एक यादी येते. दात पुढे आलेला, ओठ लोंबणारा, अस्पष्ट बोलणारा, नाकातून बोलणारा, जीभ जखडलेला. आणि याच पंक्तीत गद्गद, म्हणजे अडखळत बोलणारा. ही शिक्षा शुक्ल यजुर्वेदाची. नाशिकच्या वैदिक परंपरेत याच वेदाची माध्यंदिन शाखा महत्त्वाची असल्याने गोदाकाठच्या वाणीविचाराचा शोध या नकारापासून सुरू करणे युक्त ठरते. स्वर निर्मळ राहावा म्हणून आंब्याच्या काडीने दात घासावेत, त्रिफळा घ्यावा, अशी पथ्ये शिक्षाग्रंथ सांगतात. पण ती पात्र ठरलेल्यासाठी. अर्थात, स्त्रिया आणि शूद्र यांना वगळणारा मोठा नकार याआधीच झालेला होता. गद्गदाचा बहिष्कार हा अधिकारी वर्गाच्या आतला.

आयुर्वेदाची भूमिका वेगळी आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात मूक, मिन्मिण आणि गद्गद हे वातव्याधींत मोडतात. कफयुक्त वायू शब्दवाहिनी धमन्यांना आवृत करतो, अशी त्याची कारणमीमांसा. पुढील ग्रंथांतील कल्याणावलेहात हळद, वेखंड, पिंपळी, सुंठ, ज्येष्ठमध यांचे चूर्ण तुपाबरोबर 21 दिवस चाटवावयाचे असते. शिक्षेने ज्याला अपात्रता मानले, त्याला वैद्यकाने रोग मानले. माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

मराठीने या शब्दाचा तिसराच अर्थ उचलला. काव्यशास्त्रातील स्वरभंग हा सात्त्विक भाव भक्तिपरंपरेत रुजला आणि ‘गद्गद’ म्हणजे भावनेने कंठ दाटलेला, असे झाले. ज्ञानेश्वरीच्या आरंभी अपत्याची बोबडी वाचा मायबापांच्या संतोषाचे कारण ठरते. उपहास मात्र ‘तोतरा’ या शब्दाच्या वाट्याला आला. भक्ताचे अडखळणे पूज्य आणि शाळकरी मुलाचे हास्यास्पद, ही विभागणी भाषेनेच केली.

पाठशाळेची पद्धत पाहिली तर या इतिहासातील विसंगती उघड होते. संथा देताना गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतात. स्वर बांधलेला, लय ठरलेली, आवाज अनेकांचा. समूहात किंवा ठेक्यावर म्हणताना तोतरेपणा बहुधा ओसरतो, हे आधुनिक वाग्विज्ञानाने पुरेसे नोंदवले आहे, जरी तो परिणाम एकट्याने बोलू लागताच टिकत नाही. ज्याला शास्त्राने दाराबाहेर ठेवले, त्याला त्या दाराआडची पद्धतच काही काळ सावरू शकली असती. घरोघरी बोबड्या मुलाकडून रामरक्षा म्हणवून घेण्याच्या प्रथेत हे अनुभवज्ञान शिल्लक असावे. समर्थांच्या तपश्चर्येचे स्थान मानल्या जाणाऱ्या टाकळीच्या परिसरात भीमरूपी आणि मनाचे श्लोक यांनाही तेच स्थान मिळाले.

वक्तृत्वाची आधुनिक कल्पना याच्या उलट दिशेने आली. इंग्लंडमध्ये टॉमस शेरिडन याची वक्तृत्वावरील व्याख्याने 1762 मध्ये छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन थेलवॉल याने वक्तृत्वशिक्षणालाच तोतरेपणाच्या उपचाराचे रूप दिले. बर्लिनच्या डीफेनबाख याने 1841 मध्ये जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया केल्या. त्या क्रौर्यापेक्षा थेलवॉलची कवायत कितीतरी सुसह्य. महाराष्ट्रात मात्र वक्तृत्व आले ते सार्वजनिक जीवनाचे साधन म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. नाशकात 1900 मध्ये स्थापन झालेल्या मित्रमेळ्याच्या साप्ताहिक बैठकांत तरुण भाषणे करीत. पुढे गोदाघाटावरील यशवंतराव महाराज पटांगणावरही वसंत व्याख्यानमाला भरू लागली. उपचाराचा धागा या आयातीत गळून पडला. वाणीचिकित्सेचे रीतसर शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात सुरू झाले ते बऱ्याच काळानंतर, आणि तेही वैद्यकाच्या छत्राखाली, वक्तृत्वाच्या नव्हे.

दरम्यान शाळांतून वक्तृत्वस्पर्धा रूढ झाल्या होत्या. तेथे समूह नाही, ठेका नाही; एकटा मुलगा, समोर परीक्षक, आणि ठरलेली मिनिटे भरताच वाजणारी घंटा.