घास कुठे गेला?

करमाडच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताखाता मूल हसते आणि त्याला ठसका लागतो. शेजारचा पाठ थोपटतो, कुणी ‘आठवण काढली’ म्हणते, आणि विषय तिथेच संपतो. घसा हा अन्नाचा आणि हवेचा समाईक रस्ता. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्याचे दार मिटते. तरीही कण आत शिरलाच, तर ठसका त्याला बाहेर फेकतो.

पक्षाघात झालेल्या माणसात मात्र हा पहारेकरीच झोपलेला असू शकतो. घरचे चमच्याने पेज भरवतात, आजोबा निमूट गिळतात. ठसका नाही म्हणून सारे निश्चिंत. पण पेज थेंबाथेंबाने फुप्फुसाकडे उतरत असते. मग ताप, न्यूमोनिया. बाहेरून हे कळावे कसे?

घशात डोकावण्याची वाट दाखवली ती गाण्याच्या एका शिक्षकाने. मानुएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध आला. पण या रीतीने गिळणे दिसत नाही. का, ते वर्गात करून पाहा: तोंड उघडे, जीभ बाहेर, आणि आता नुसती लाळ गिळा. फार अवघड जाते. (खाऊ तोंडात ठेवून हा प्रयोग मुळीच करू नये.) १८६८ मध्ये कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ नळी पोटात उतरवली, पण असे कसब रोग्याकडे कुठून असणार?

तोंड मोकळे ठेवायचे तर नाकातून जायला हवे, आणि तो रस्ता वळणाचा. म्हणजे प्रकाशालाही वळवायला हवे. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेत शिकवले गेले आणि ते आपल्याला पटले नाही, अशी आठवण पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी सांगत. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि कपानी यांनी ‘नेचर’मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याची रीत मांडली. तंतूत प्रकाश सरळच जातो, पण पूर्ण आंतरिक परावर्तनाने भिंतीवर आपटत आपटत वळण पार करतो. मात्र तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश शेजारच्यात झिरपतो. प्रत्येक तंतूला वेगळ्या काचेचे आवरण दिल्यावर ही अडचण सुटली आणि १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांची लवचीक दुर्बीण पुढे आली. १९६८ मध्ये जपानच्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी तशी बारीक दुर्बीण नाकातून स्वरयंत्रापर्यंत नेली. हेतू होता बोलण्याचा अभ्यास.

दुर्बीण आत असतानाच रोग्याला घास द्यायचा, ही तपासणी १९८८ मध्ये अमेरिकेत सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. लँगमोर वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे पुन्हा आवाजाशी नाते असलेलेच माणूस! दुधात किंवा खिरीत हिरवा-निळा रंग मिसळतात, म्हणजे ते कुठे सांडले ते पडद्यावर ओळखू येते.

गंमत अशी की गिळण्याचा नेमका क्षण या दुर्बिणीलाही दिसत नाही. घसा तिच्या टोकाभोवती आवळतो, प्रकाश उलट फिरतो आणि अर्धा सेकंद पडदा पांढरा होतो. निदान करायचे ते त्याआधीच्या आणि नंतरच्या चित्रावरून. बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रफितीत तो क्षण सापडतो. पण त्या यंत्रापाशी रोग्याला न्यावे लागते. दुर्बीण खाटेपाशी येते, आणि हनुवटी छातीकडे झुकवल्यावर किंवा पेज घट्ट केल्यावर रंग आत जायचा थांबतो का, हे तिथल्या तिथे पाहता येते.