यकृताचा विकार आणि गुठळी विरघळविणारी प्रथिने

जखम झाली की रक्त गोठते आणि ती भरून येताना गुठळी हळूहळू विरघळते. या दोन्ही क्रियांसाठी लागणारी बहुतांश प्रथिने यकृतात तयार होतात. त्यामुळे यकृत निकामी होऊ लागले की रक्ताचा हा तोलही ढळतो. अशा रुग्णाचे ‘रक्त पातळ झाले आहे’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात मात्र स्थिती इतकी सरळ नसते.

गुठळी विरघळते कशी?

गुठळीचा सांगाडा फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचा असतो. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन रक्तात निष्क्रिय अवस्थेत फिरत असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारे टी-पीए त्याचे प्लाझ्मिनमध्ये रूपांतर करते आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे तंतू तोडते. या क्रियेला लगामही असतो. यकृतातील अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन प्लाझ्मिनला आवरते, तर पीएआय-१ हे प्रथिन टी-पीएला रोखते. शिल्लक राहिलेले टी-पीए रक्तातून काढून टाकण्याचे कामही यकृतच करते.

विकारात काय घडते?

सिऱ्होसिसमध्ये टी-पीएचा निचरा मंदावून त्याचे प्रमाण वाढते आणि अँटिप्लाझ्मिन घटते. त्यामुळे काही रुग्णांमध्ये गुठळी अकाली विरघळून रक्तस्राव होतो. सिऱ्होसिसच्या रुग्णांच्या रक्तातील गुठळी लवकर विरघळते, असे अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१४ मध्येच नोंदविले होते. परंतु याच आजारात प्लाझ्मिनोजेनही कमी होते. परिणामी अनेक रुग्णांत दोन्ही बाजू घटून एक नाजूक समतोल साधला जातो. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा शल्यक्रिया यांमुळे तो कोणत्याही दिशेला ढळू शकतो. यकृत अचानक निकामी होते तेव्हा पीएआय-१ वाढते आणि गुठळी विरघळण्याची क्रिया उलट मंदावते.

शल्यक्रियेतील कसोटी

यकृत प्रत्यारोपणात जुने यकृत काढल्यानंतर नवे कार्यरत होईपर्यंत टी-पीएचा निचरा जवळजवळ थांबतो आणि मोठा रक्तस्राव होऊ शकतो. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे केलेल्या पहिल्या मानवी प्रत्यारोपणातील रुग्ण रक्तस्रावानेच दगावला. पुढील रुग्णांमध्ये रक्त गोठविण्याचे उपाय योजले असता गुठळ्या फुप्फुसांपर्यंत पोहोचल्या. दोन्ही बाजूंचा धोका तेव्हाच स्पष्ट झाला होता.

भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये नवी दिल्लीतील इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात एका बालकावर करण्यात आले. वडिलांनी यकृताचा भाग दिला होता. त्यानंतर दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसर हे या शल्यक्रियेचे देशातील प्रमुख केंद्र बनले. वसंत कुंज येथे दिल्ली सरकारने स्थापन केलेली यकृत व पित्तविज्ञान संस्थाही तेथेच आहे.

तपासणी आणि उपचार

नेहमीच्या आयएनआर तपासणीत गोठण्याची केवळ एक बाजू दिसते. गुठळी किती वेगाने विरघळते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी ही चाचणी उपयोगी पडते. तीत रक्त गोठण्यापासून गुठळी विरघळेपर्यंतचा आलेख मिळतो.

गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे औषध प्रत्यारोपणावेळी निवडक रुग्णांना दिले जाते. मात्र पचनमार्गातील रक्तस्रावाच्या सुमारे १२ हजार रुग्णांवरील हॉल्ट-इट या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०२०) त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

म्हणूनच आयएनआर वाढलेला असला, तरी गुठळी होणार नाही असे गृहीत धरता येत नाही. यकृताच्या रुग्णाला रक्ताची उलटी वा काळे शौच झाल्यास, तसेच एका पायाला अचानक सूज वा धाप लागल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अॅस्पिरिनसारखी वेदनाशामके किंवा रक्त गोठविणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे परस्पर सुरू वा बंदही करू नयेत.