डूख, माया आणि वायलीबाईंचे नाग

मराठीत 'पाळणे' आणि 'माणसाळणे' ही दोन क्रियापदे आपण बहुधा जोडीने वापरतो. वास्तविक त्यांचे कर्ते वेगळे आहेत. पाळतो तो माणूस. माणसाळायचे असते ते प्राण्याने. गाय, कुत्रा, पोपट यांच्याविषयी बोलताना हा भेद फारसा जाणवत नाही. साप समोर आला की मात्र तो लपवता येत नाही. साप पाळता येतो, याविषयी वाद नाही. तो माणसाळतो का, या प्रश्नाच्या मागे गेल्या शतकात एका अमेरिकन अभ्यासक स्त्रीने आपले आयुष्य वेचले, आणि त्याच वाटेवर तिला मरण आले. साहित्याच्या अभ्यासकांनीही ही हकिगत वाचावी असे आम्हांला वाटते, कारण तिच्या मुळाशी वाचनाचाच एक प्रश्न आहे.

ग्रेस ऑलिव्ह वायली (१८८३–१९४८) मूळच्या कॅन्सस राज्यातल्या. त्यांचे शिक्षण कीटकशास्त्राचे. साप आयुष्यात आले ते नंतर. १९२३च्या सुमारास मिनीअ‍ॅपोलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयातील निसर्गेतिहास संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेथे त्यांनी जिवंत सापांचा मोठा संग्रह उभा केला. शेपटीने खुळखुळ्यासारखा आवाज करणाऱ्या विषारी रॅटलस्नेकची बंदिवासात वीण घडवून आणणाऱ्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते. बंदिवासात प्राणी व्याला म्हणजे त्याचा निवारा, ऊब आणि आहार बहुतांशी बरोबर होता, असे समजण्यास हरकत नसते. तेव्हा वायलीबाईंना नुसती साहसवेडी स्त्री म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

त्या काळी विषारी साप हाताळायचा म्हणजे आकड्याने उचलायचा किंवा काठीने मान दाबून धरायचा, अशी रीत होती. साप हा स्वभावतःच क्रुद्ध, हे त्यामागचे गृहीत. वायलीबाईंनी नेमके हेच गृहीत नाकारले. फणा काढणारा नाग संतापलेला नसतो, तो भ्यालेला असतो, हे त्यांचे सूत्र होते. नवा साप प्रवासाने शिणलेला, भुकेला, खोक्यात आदळून घाबरलेला येतो. त्याला आधी शांत जागा हवी. मग त्या मऊ कापड गुंडाळलेली काठी सावकाश त्याच्या पाठीवरून फिरवीत. दुसऱ्या काठीच्या टोकाला जाळी असे. साप झेपावला तर ती आड धरायची. साप फूत्कारे, काठीवर तोंड मारी. काठी मागे जात नसे आणि दुखापतही करीत नसे. काही काळाने तो झेपावणे सोडून देई. त्यानंतरच हाताची पाळी. १९३७ साली 'नॅचरल हिस्टरी' या मासिकात त्यांनी नागराजांना माणसाळवण्याच्या आपल्या प्रयोगांवर लेख लिहिला. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे दात बहुधा काढलेले असतात. वायलीबाईंच्या नागांचे दात आणि विष शाबूत होते.

या सूत्राचा पहिला भाग आज सर्वमान्य आहे. साप स्वतःच्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही, म्हणून त्याच्या पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड लागते. अंग चोरून बसायला अंधारी, अरुंद जागा लागते. ती नसेल तर तो सतत उघड्यावर पडल्यासारखा राहतो, आणि प्रत्येक हालचालीला हल्ला समजतो. नवा साप आणल्यावर काही दिवस त्याला हातच लावायचा नाही, खाल्ल्यानंतर तर मुळीच नाही, हाही नियम आता रूढ आहे. चावऱ्या म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी सापांचा दोष त्यांच्या पेटीचा असतो.

अडचण आहे ती दुसऱ्या भागात. साप झेपावणे थांबवतो तेव्हा नक्की काय घडलेले असते? एखादी गोष्ट वारंवार घडूनही अपाय होत नाही, असे झाले की तिच्यावरची प्रतिक्रिया विझत जाते. ही सवय आहे, ओढ नव्हे. ती त्या जागेशी, त्या वासाशी, त्या हालचालीशी बांधलेली असते. कात टाकण्याच्या दिवसांत सापाच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो, नजर मंदावते. भूक असते, कधी काही अनोळखी समोर येते. मग ती सवय एका क्षणात गळून पडते. वायलीबाईंनी मात्र त्या शांततेला विश्वास हे नाव दिले. १९३३मध्ये त्या शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात रुजू झाल्या आणि १९३५ साली तेथून त्यांना जावे लागले. पिंजरे उघडे राहून विषारी साप बाहेर पडल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ज्याला आपण सोबती मानतो त्याच्या दाराला कडी लावण्याचा विसर पडणे, हे त्या विश्वासाचेच दुसरे रूप म्हणावे लागेल.

पुढे त्या कॅलिफोर्नियात राहिल्या. २० जुलै १९४८ रोजी पत्रकार डॅनियल मॅनिक्स त्यांची छायाचित्रे घेत असता, नव्यानेच आलेला, हाताला न सरावलेला एक भारतीय नाग त्यांच्या बोटाला चावला. रुग्णालयात उत्तर अमेरिकेतल्या सापांवरचीच प्रतिविषे होती. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्या औषधाशी आपल्याकडे जोडले गेले आहे, तसले औषध तेथे नव्हते. दोन तासांच्या आत त्या गेल्या. त्या दिवसाची हकिगत आपल्याला मुख्यतः मॅनिक्स यांच्या लेखणीतून कळते. ते साक्षीदार होते, आणि ज्या प्रसंगासाठी नाग बाहेर काढला गेला त्या प्रसंगाचे भागीदारही होते. त्यांचे कथन वाचताना हे विसरून चालणार नाही; वायलीबाईंचा स्वतःचा १९३७चा लेख त्याच्याशेजारी ठेवूनच ते वाचायला हवे.

आपल्या लोकसमजुतीत साप डूख धरतो. दुखावणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, वर्षांनी सूड घेतो. आपण सुशिक्षित मंडळी या समजुतीला हसतो. पण वायलीबाईंचा माया ओळखणारा साप आणि आपला डूख धरणारा साप, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही आपण माणसाचे मन देऊन ठेवले आहे. एकाला वैर, दुसऱ्याला स्नेह. वायलीबाईंनी वैराचे वाचन खोडून काढले हे त्यांचे मोठे काम. त्या रिकाम्या जागी स्नेहाचे वाचन लिहिले, ही त्यांची चूक. भीती आणि भीतीचा अभाव एवढेच त्या मजकुरात होते. तेवढ्यावर थांबणे मात्र कोणत्याही वाचकाला अवघड जाते.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार नाग पकडणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. परदेशांत मात्र बिनविषारी साप घरोघर पाळले जातात. तेथील जाणकारांच्या सल्ल्यात वायलीबाईंची शांत खोली आणि सावकाश हात आजही आहेत. फक्त पेटीला कुलूप असते. सापाला मान द्यायचा तर त्याला माणसात आणू नये. साप म्हणून सुखाने राहू द्यावे, आणि दार लावून घ्यावे.