‘हल्ली काय ऐकता?’ : रसिकांच्या देवघेवीचा इतिहास

दोन संगीतप्रेमी माणसे भेटली म्हणजे क्षेमकुशल विचारून होते न होते तोच ‘हल्ली काय ऐकता?’ हा प्रश्न ओघानेच येतो. प्रश्न साधा दिसतो. तथापि त्याच्या पाठीशी दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. गवयांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. ऐकणाऱ्यांचे चरित्र मात्र सहसा कोणी लिहीत नाही. संगीत जगले ते केवळ गाणाऱ्यांमुळे नव्हे, तर ‘हे तुम्ही ऐकलेच पाहिजे’ असे शेजाऱ्यास आग्रहाने सांगणाऱ्यांमुळेही जगले, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

पूर्वी उत्तम गाणे संस्थानिकांच्या दरबारी व धनिकांच्या दिवाणखान्यांत असे. सामान्य गृहस्थास ते क्वचितच कानी पडे. ही कोंडी प्रथम फोडली ती रसिकांच्या मंडळांनी. मुंबईत 1870 साली पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, 1874 मध्ये पुण्यास गायन समाज स्थापन झाला आणि 1883 मध्ये कोल्हापुरास देवल क्लब उभा राहिला. वकील, कारकून, शिक्षक व व्यापारी अशा मंडळींनी वर्गणी काढून गवयास बोलवावे, जाजमावर मांडीला मांडी लावून ऐकावे आणि दुसरे दिवशी त्या गाण्याची उजळणी करावी, असा हा परिपाठ होता. भास्करबुवा बखले यांनी 1911 साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ व अल्लादिया खाँ अशा निरनिराळ्या गुरूंपाशी बसून त्यांनी विद्या मिळविली होती; आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चालींतून त्या विद्येचा प्रसाद त्यांनी घरोघरी पोचविला.

परंतु खरी क्रांती केली ती तबकडीने. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. गाण्याच्या अखेरीस त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारीत, ते आजही त्या मुद्रिकांवर ऐकू येते. आरंभी या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापून येत. 1908 पासून कलकत्त्यास सियालदह येथील कारखान्यात त्या निघू लागल्या. लाखेच्या मिश्रणाची ती काळी थाळी एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. पाऊण तास रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवावयाचा म्हणजे गवयाची परीक्षाच! कित्येक गवयांना ते मानवले नाही. ज्यांनी ते साधले, त्यांनी रागाचा सारा गंध जणू कुपीत भरून ठेवला. तबकडी थोडीशी, ऐकणारे पुष्कळ. म्हणून ज्या घरी ग्रामोफोन, त्या घरी संध्याकाळी आळी जमे. किल्ली देण्याचा व सुई बदलण्याचा मान घरातील थोरल्या मुलाचा असे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. त्या काळी उत्तमोत्तम गाणाऱ्यांत मुसलमान उस्ताद होते आणि कलावंत घराण्यांतील स्त्रिया होत्या. आपल्यासारख्या घरांच्या उंबऱ्याआत त्यांना सन्मानाने पाचारण करण्याची रीत नव्हती. कुलस्त्रियांनी त्यांच्या बैठकीस जाणे तर दूरच. पण तबकडीस जात विचारणार कोण? जोहराबाई आग्रेवाली यांचा खडा सूर आणि अब्दुल करीम खाँ यांची आर्त भैरवी उंबरा ओलांडून थेट देवघरापर्यंत गेली. माझे वडील सांगत की, आजी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत असे आणि तबकडी संपली की हलकेच म्हणे, “पुन्हा एकदा लाव रे.” ज्या गायिकेला पाणी द्यावयाचे ते कोणत्या भांड्यातून, असा प्रश्न त्या घरात निघाला असता, तिच्याच सुराने आजीचे डोळे पाणावत. आपल्या वाडवडिलांची ही विसंगती लपविण्यात अर्थ नाही. कान आधी उदार झाले, मने मागाहून झाली. आणि काही अद्याप व्हावयाची आहेत. पुढे अब्दुल करीम खाँ यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा कुलस्त्रियांसही समोर बसून गाणे ऐकण्याची वाट मोकळी झाली.

एका तबकडीने काय घडू शकते याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. गदगच्या एका शाळकरी मुलाने अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकली आणि असे गाता आले पाहिजे या ध्यासाने गुरूच्या शोधार्थ घर सोडले. वणवण करून अखेर तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या चरणी पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गुरु 1952 साली निवर्तल्यावर त्यांच्या स्मरणार्थ 1953 पासून पुण्यास सुरू झालेला महोत्सव आज हजारो श्रोत्यांना एकत्र बसवितो. दुकानात वाजणाऱ्या तीन मिनिटांच्या गाण्याचे हे फळ होय.

तबकडीनंतर आकाशवाणी आली. मुंबई केंद्र 1927 मध्ये, तर पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1952 पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम होऊ लागला. माझ्या बालपणी, म्हणजे 1960 नंतरच्या दशकात, शनिवारी रात्री साडेनऊस आमच्या ओटीवर पाच-सहा मंडळी जमत. रेडिओस सरकारी परवाना लागे व तो प्रत्येकाच्या ऐपतीतला नसे. म्हणून एकाच्या रेडिओवर सर्वांचा हक्क. परगावी राहणारे वडिलांचे एक स्नेही पोस्टकार्ड पाठवीत : अमुक दिवशी अमुक बुवा आहेत, चुकवू नये. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत वडिलांचे उत्तर जाई. पंचमाचा लगाव कसा होता, तान कोठे घाईची झाली, तबलजीने कोठे सांभाळून घेतले, हे सर्व त्या चिमुकल्या कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत मावे. दोघांपैकी एकासही गाता येत नव्हते. पण अशाच ऐकण्यातून जाण वाढते. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस. त्यांनी 1961 साली ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ लिहून श्रोताही शास्त्राचा विचार किती सूक्ष्मपणे करू शकतो, हे दाखवून दिले.

या देवघेवीची सर्वांत दूरची मजल मात्र आकाशातील आहे. 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवून पृथ्वीवरील निवडक संगीत पाठवावयाचे ठरले. रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाने आग्रह धरला की, भारताकडून केसरबाई केरकर यांची भैरवी हवी. ती मिळता मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागल्या बाजूस टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या व अल्लादिया खाँसाहेबांपाशी शिकलेल्या या गायिकेचा साडेतीन मिनिटांचा सूर आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेला आहे. दुसरे यान सुटल्यानंतर अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबर 1977 रोजी, बाईंनी देह ठेवला. कोणा एका रसिकाने ‘हे ऐका’ म्हटले नसते, तर ते खोके टेबलाखालीच राहिले असते.

आता माझा स्वतःचा अपराध सांगतो. वडिलांच्या पश्चात घर लहान पडू लागले. त्यांच्या सत्तरएक तबकड्या, त्यांतील काहींवर त्यांच्या हस्ताक्षरातील टिपणांच्या चिठ्ठ्या, मी भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकल्या. यंत्र बंद पडले होते, कॅसेटी मिळू लागल्या होत्या; मला तो शहाणपणा वाटला. आज तेच गाणे नातवाच्या भ्रमणध्वनीवर क्षणात वाजते. गाणे परत मिळाले. पण कोणत्या जागी वडिलांनी ‘वाहवा’ म्हटले होते, हे लिहिलेली चिठ्ठी मिळत नाही.

आजच्या पिढीस गाण्याची वाण नाही. वाण आहे ती शेजारी बसणाऱ्याची. कानात यंत्र घालून प्रत्येकजण आपापले ऐकतो. तरुणांस दोष देण्याचा माझा हेतू नाही. तबकड्या भंगारात घालणारा मी, मला तो अधिकारच नाही. केवळ एवढेच सुचवितो की, ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे, त्या कोणी, केव्हा व का आणल्या ते लिहून ठेवावे, आणि पुढील भेटीत पगारपाणी, लग्नकार्ये यांची चौकशी झाली म्हणजे एकमेकांस आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : “हल्ली काय ऐकता?”

उत्तर मिळाल्यावर मात्र उठून जाऊ नये. बसावे, आणि दोघांनी मिळून ऐकावे.