छायाचित्रातला सैनिक नेमका कोण? गणवेशाने सोडवलेले एक कोडे

१/ दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा कुठे उभा करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. युद्धप्रसंगाचा डायोरामा, म्हणजे लघुप्रतिकृतींतून उभारलेला देखावा, करणाऱ्याला मात्र ती मोकळीक नसते. त्याच्यासमोर बहुधा एकच कृष्णधवल छायाचित्र असते. सैनिक कोण, त्याच्या अंगावर काय आहे आणि जागा कोणती, हे सारे त्यातूनच शोधायचे असते.

२/ या शोधाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इवो जिमा. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या या ज्वालामुखी बेटावर, सुरीबाची डोंगराच्या माथ्यावर, सहा अमेरिकी सैनिकांनी ध्वज उभारला. असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी तो क्षण टिपला. त्या दिवशी तेथे उभारलेला हा दुसरा ध्वज होता. पहिला आकाराने लहान होता.

३/ छायाचित्र जगभर गाजले, पण त्यात एकही चेहरा नीट दिसत नाही. सहाही जण वाकलेले, पाठमोरे किंवा एकमेकांआड झाकलेले. लढाई चालूच होती आणि सहांपैकी तिघे पुढे त्याच बेटावर मारले गेले. नावे ठरवण्याचे काम घाईत झाले आणि चुका तेथेच शिरल्या.

४/ पहिली चूक दोन वर्षांत उघड झाली. ध्वजकाठीच्या तळाशी पाठमोरा वाकलेला सैनिक हेन्री हॅन्सन असल्याचे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात तो हार्लन ब्लॉक होता. ध्वज उभारणाऱ्यांपैकी आयरा हेझ यांना हे ठाऊक होते. १९४६ मध्ये ते अ‍ॅरिझोनातून टेक्ससला गेले आणि ब्लॉकच्या वडिलांना त्यांनी खरे काय ते सांगितले. १९४७ मध्ये मरीन कोअरने दुरुस्ती मान्य केली. ब्लॉक आणि हॅन्सन, दोघेही तोवर हयात नव्हते.

५/ पुढची जवळपास सत्तर वर्षे कोणालाही शंका आली नाही. १९५४ मध्ये आर्लिंग्टन येथे फेलिक्स द वेल्डन यांनी घडवलेले भव्य कांस्यशिल्प उभे राहिले. एका अर्थी तो या छायाचित्राचा जगातला सर्वांत मोठा डायोरामाच. हयात असलेले तिघे, हेझ, रेने गॅग्नन आणि जॉन ब्रॅडली, यांना समोर बसवून शिल्पकाराने त्यांचे चेहरे घडवले.

६/ २०१४ मध्ये दोन हौशी अभ्यासकांनी, आयर्लंडचे स्टीफन फोली आणि अमेरिकेतील ओमाहाचे एरिक क्रेल यांनी, प्रश्न उपस्थित केला. दोघांनी त्याच दिवशी माथ्यावर घेतलेली इतर छायाचित्रे गोळा केली आणि चेहऱ्यांकडे न पाहता कपड्यांकडे पाहिले.

७/ ब्रॅडली हे नौदलाचे वैद्यकीय सहायक होते. इतर छायाचित्रांत त्यांच्या विजारीचे पाय दुमडलेले दिसतात; ध्वज उभारणाऱ्या ‘ब्रॅडली’च्या विजारीचे तसे नाहीत. या माणसाच्या हेल्मेटखालून कापडी टोपीची झडप डोकावते आणि कमरेला तार कापण्याची पकड लटकते. जखमींवर उपचार करणाऱ्याकडे ही पकड कशाला असेल?

८/ उत्तर मिळाले: तो फ्रँकलिन सौस्ली होता. मग ज्याला इतकी वर्षे सौस्ली समजले, तो कोण? त्याच्या हेल्मेटच्या आतल्या टोपीचा पट्टा तुटून लोंबत होता आणि बंदुकीचा पट्टा वेगळ्याच कडीला अडकवलेला होता. या दोन्ही खुणा हॅरल्ड शुल्ट्झ यांच्या इतर छायाचित्रांत सापडल्या. जून २०१६ मध्ये मरीन कोअरने हे अधिकृतपणे मान्य केले.

९/ ऑक्टोबर २०१९ मध्ये तिसरी दुरुस्ती झाली. गॅग्नन समजला गेलेला सैनिक हॅरल्ड केलर निघाला. बिल जेनॉस्ट यांनी त्याच क्षणी घेतलेल्या रंगीत चित्रफितीची येथे मोठी मदत झाली आणि बोटातील लग्नाची अंगठी हा एक निर्णायक पुरावा ठरला. म्हणजे ज्या तिघांचे चेहरे समोर बसवून कांस्यात घडवले, त्यांपैकी दोघे छायाचित्रात नव्हतेच.

१०/ शुल्ट्झ यांनी लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. केलर १९७९ मध्येच वारले. दोघांनीही हयातीत या प्रसंगाचे श्रेय मागितले नाही. त्यांच्या वतीने साक्ष दिली ती एका तुटक्या पट्ट्याने आणि एका अंगठीने.

११/ जागेची ओळखही अशीच पटते. रॉबर्ट कापा यांचे गोळी लागून कोसळणाऱ्या स्पॅनिश सैनिकाचे १९३६ मधील छायाचित्र सेरो मुरियानो येथील मानले जाई. २००९ मध्ये होसे मानुएल सुस्पेरेगी यांनी त्याच मालिकेतील इतर छायाचित्रांतली डोंगररेषा पाहिली आणि ती कोर्दोबा परिसरातील गावोगावच्या ग्रंथपालांना व इतिहासकारांना पाठवली. ओळख पटली ती सुमारे ५० किलोमीटरवरच्या एस्पेहो गावाची. जागा बदलताच प्रश्नही बदलला: त्या दिवशी तेथे लढाई चालू होती का? छायाचित्राच्या सत्यतेचा वाद त्यामुळे अधिकच तीव्र झाला.

१२/ महाराष्ट्रातल्या लघुशिल्पकारांसाठी हा धडा दूरचा नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा देखावा कोणी करू पाहील, तर महिना जुलैचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. हिवाळी लोकरी गणवेश तेथे चालणार नाही. हातात ‘टॉमी गन’ हवी, कारण गोळ्या संपल्यावर तिचीच नळी धरून त्यांनी प्रहार केल्याची नोंद सन्मानपत्रात आहे.

१३/ म्हणून रंगाची डबी उघडण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एका छायाचित्रावर विसंबू नये. त्याच दिवसाची, त्याच तुकडीची इतर छायाचित्रे शोधावीत. छायाचित्राखालची ओळ हा पुरावा न मानता तपासण्याजोगा दावा मानावा. आणि चेहऱ्याआधी पट्टे, बक्कल, बिल्ले, विजारीचे पाय व मागची डोंगररेषा पाहावी. आर्लिंग्टनच्या शिल्पातले चेहरे आता बदलता येणार नाहीत. टेबलावरची इंचभर मूर्ती मात्र रंगवण्यापूर्वी अजूनही तपासता येते.