इजिप्शियन निळा

इजिप्शियन निळा : प्राचीन इजिप्तमध्ये भट्टीत भाजून तयार केलेले निळे रंगद्रव्य. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांत याची गणना होते. रासायनिक दृष्ट्या हे कॅल्शियम-तांबे सिलिकेट असून कॅल्शियम, तांबे, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे त्यातील प्रमाण १:१:४:१० असते. याच संघटनाचे क्युप्रोरिव्हाइट हे नैसर्गिक खनिज अतिशय दुर्मिळ आहे. म्हणून एखाद्या प्राचीन वस्तूवर हे द्रव्य सापडले, की त्यामागे कारागीर आणि त्याची भट्टी आहे, असे समजले जाते.

इतिहास : प्राचीन जगात निळा रंग सहज मिळत नसे. त्यासाठी सर्वांत मोलाचा दगड म्हणजे लाजवर्द. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांतही निळ्यासाठी लाजवर्दच वापरला आहे. इजिप्तच्या कारागिरांनी मात्र या दगडाला पर्याय घडवला. त्यांच्या भाषेत या द्रव्याच्या नावाचा अर्थच ‘बनवलेला लाजवर्द’ असा होता. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात चौथ्या राजवंशाच्या काळापासून त्याचा वापर रूढ झाला. थडग्यांच्या भिंती, शवपेट्या, मणी, लहान मूर्ती यांवर तो आढळतो. अमार्ना येथे १९१२ मध्ये सापडलेल्या राणी नेफरतीतीच्या अर्धपुतळ्यावरील मुकुटाचा निळाही हाच. पुढे तो मेसोपोटेमिया, ग्रीस आणि रोमन साम्राज्यात पसरला. रोमन काळानंतर त्याचे उत्पादन मागे पडले व कृती विस्मरणात गेली. तरीही रोममधील व्हिला फार्नेसिना येथील राफाएलच्या ‘गॅलाटियाचा विजय’ या भित्तिचित्रात (सुमारे १५१२) तो असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले.

निर्मिती : गारेची वाळू, तांब्याचे खनिज किंवा धातूचा कीस, चुनखडी आणि वितळण्यास मदत करणारा क्षार (नेट्रॉन किंवा वनस्पतींची राख) हे घटक दळून एकत्र करीत आणि ८५० ते १,००० अंश सेल्सियस तापमानात बराच काळ भाजत. भट्टीत हवा खेळती ठेवावी लागे, कारण तांब्याला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही तर निळा उतरत नाही. सुमारे १,०५० अंशांच्या वर स्फटिकांचे विघटन होऊ लागते. तयार गोळा जाडसर वाटला तर गडद निळा आणि बारीक घोटला तर फिकट आकाशी रंग मिळतो. एकाच द्रव्याच्या दोन छटा केवळ वाटण्यातून साधत.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात ही कृती नोंदवली आहे. अलेक्झांड्रियातील हे तंत्र व्हेस्टोरियस याने इटलीतील पुतेओली (आजचे पोत्सुओली) येथे सुरू केले, असे तो सांगतो. त्याच्या कृतीत वाळू, क्षार व तांबे आहेत. चुन्याचा उल्लेख नाही. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुना मुळातच मिसळलेला असल्याने तो वेगळा घालावा लागत नसावा, असा तर्क केला जातो.

वैज्ञानिक अभ्यास : इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने रोम व पॉम्पेई येथील रंगांचे रासायनिक परीक्षण करून १८१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राचीन रंगांच्या प्रयोगशाळेतील अभ्यासाचा हा आरंभीचा टप्पा होय. फ्रेंच भूवैज्ञानिक फूके याने १८८९ मध्ये स्फटिकाचे संघटन ठरवले. १९५९ मध्ये पाब्स्ट याने त्याची संरचना स्पष्ट केली. सिलिकेटच्या थरांत चार ऑक्सिजन अणूंच्या सपाट चौकटीत बसलेला तांब्याचा आयन हे या निळ्याचे मूळ आहे.

अझुराइट या निळ्या खनिजातही तांबे असते. त्यामुळे केवळ मूलद्रव्ये दाखवणारी क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धत संशोधकाला एकट्याने पुरत नाही. स्फटिक ओळखण्यासाठी क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली न विरघळलेले गारेचे कणही दिसतात आणि त्यांवरून भाजणीचा अंदाज बांधता येतो. इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस (इ. स. पू. १४७९–१४२५) याच्या काळापासूनच्या नमुन्यांत कथिलाचा अंश आढळू लागतो. याचा अर्थ, रंगारी आता कांशाची मोडही भट्टीत घालू लागले होते. रंगाच्या चिमूटभर नमुन्यातून धातुकामाचा इतिहास असा उलगडतो.

अदृश्य प्रकाश : लाल प्रकाश पडला की हे द्रव्य सुमारे ९१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश बाहेर टाकते. हा डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त गाळणी काढलेल्या कॅमेऱ्यात शुभ्र चमकतो. वस्तूला स्पर्श न करता, नमुना न घेता एकेक कणही त्यामुळे सापडतो. ब्रिटिश म्युझियममध्ये जोवान्नी वेर्री याने ही पद्धत विकसित केली. तिच्या आधारे अथेन्समधील पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांतील आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळा असल्याचे २००९ मध्ये पुढे आले. ग्रीक शिल्पे मुळात पांढरीशुभ्र होती, हा दीर्घकाळ रुजलेला समज किती अपुरा होता, हे अशा पुराव्यांनी दाखवून दिले.

चीनमधील समांतर रंग : हान निळ्यात कॅल्शियमच्या जागी बेरियम असतो, बाकी संघटन तेच. त्याचाच आप्त असलेला हान जांभळा सम्राट छिन शी हुआंगच्या मातीच्या सैनिकांवर आढळतो.

महत्त्व : उत्खननात निघालेली वस्तू धुऊन घासून स्वच्छ करण्याची जुनी रीत या रंगाच्या शेवटच्या कणांचा घात करते. डोळ्यांना कोरा दिसणारा दगड रंगहीन असेलच असे नाही. म्हणून धुण्याआधी अवरक्त छायाचित्र घेणे अत्यावश्यक आहे. एकदा पाण्याबरोबर गेलेला कण कोणतेही उपकरण परत आणू शकत नाही.